हात आहे, नेम नाही

नानांचं म्हणणं, पोराला हात आहे, नेम नाही. दाजींचं म्हणणं, नेम आहे, कीपर नाही. माझं म्हणणं कुणी विचारत नाही. पण टेनिस बॉल स्पर्धेचा माईक माझ्या ताब्यात असल्यामुळे विचारायची वेळच कुणावर येत नाही.

ज्याच्याबद्दल हे चाललंय तो पोरगा डीप मिडविकेटला फक्कीच्या रेषेवर उन्हात उभा असतो, आम्ही मांडवात. तिथून तो थ्रो करतो, इथून आम्ही निकाल देतो. लांब फेकणं वेगळं आणि नेमकं फेकणं वेगळं, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. घनसावंगीत दोन पक्षांचं एकमत झालं, म्हणून मुद्दाम सांगतोय. पुढं मात्र सगळं बिनसतं. चांगला थ्रो कीपरच्या हातातून निसटला की नाना म्हणतात, 'गेला का वाया!' वाकडातिकडा थ्रो कीपरनं लोळण घेऊन धरला की दाजी म्हणतात, 'असा पायजे थ्रो.' म्हणजे पोराची किंमत ठरवणार कीपर. आणि दुसरं बक्षीस ज्यांनी लावलंय त्यांचा तो भाचा असल्यामुळे कीपर बदलता येत नाही. मग उरतात थेट स्टंपावर बसलेले थ्रो, जिथं मधे कुणाचा भाचा येत नाही. पण ते इतके मोजके की नाना त्यांना नशीब म्हणून मोकळे होतात.

शास्त्राची बाजू मांडण्याची जबाबदारी माझ्यावर. क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, टेनिसचा जेमतेम ५६ ते ५९. हलका बॉल हातातून कितीही तावानं सुटला तरी हवा त्याला लवकर दमवते. सत्तर यार्डांवरून तो थेट पोचवायचा तर वर चढवावा लागतो, आणि जितका वर चढवाल तितका वेळ तो वाऱ्याच्या ताब्यात. म्हणून शहाणा फिल्डर खालून सपाट फेकतो आणि कीपरच्या अलीकडे एक टप्पा खाऊ देतो. आता आमचं मैदान म्हणजे मुळात पऱ्हाटीचं रान. रोटाव्हेटर मारून, पाणी शिंपडून, वरून रोलर फिरवलेलं. त्यावर टप्पा पडला की बॉल कुठं जाईल हे ज्याचं रान त्यालाही सांगता येणार नाही. हे सगळं मी माईकवरून नीट समजावून सांगितलं. सांगत असताना एक विकेट पडली म्हणतात.

नानांना हे शास्त्र मान्य नाही. त्यांचा सिद्धान्त असा, की पोराचा थ्रो शेवटी शेवटी डावीकडं वळतो. नेहमी डावीकडं. मी म्हटलं, नाना, तुमची खुर्चीच तिरकी आहे. नाना म्हणाले, 'खुर्ची सरळ हाय. मैदान तिरकं हाय.' यावर मला बोलता आलं नाही, कारण मैदान तिरकं आहेच.

माईकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो माझा विषय आहे. म्हणजे मी स्वतः. पोराच्या हातातून बॉल सुटायच्या आधीच मी 'आणि हाऽ अचूऽऽक थ्रो!' असं म्हणून टाकतो. बॉल नंतर आपल्या सोयीनं पडतो. समालोचक रिची बेनो फार कमी बोलायचा, असं कौतुकानं सांगतात. बेनोला जनरेटरच्या वरताण बोलायचं नव्हतं, आणि दोन ओव्हरच्या मधे एमएच २१ पासिंगची कुणाची तरी मोटारसायकल साइटस्क्रीनपुढून काढायला लावायची नव्हती. मला वाटतं, पोराचे निम्मे थ्रो नेमके झाले ते माझ्या आवाजानं. समर्थ रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यात. १६०८ चा त्यांचा जन्म, आणि परंपरा सांगते की बाराव्या वर्षीच ते गाव सोडून गेले. एवढ्या थोड्या काळात आमच्या भागातून त्यांनी मूर्खलक्षणांसाठी केवढी सामग्री जमवली असेल, याचा मला अभिमान वाटतो. स्वतःची स्तुती स्वतः करणं हे त्या लक्षणांत येतं. माईकवाल्यांना सूट दिलेली नाही. पण तेव्हा माईक नव्हते.

चहाच्या हॉटेलात हाच वाद रंगात आला की दोन्ही बाजू मोठ्या सामन्यांत शिरतात. दाजींचा साक्षीदार रवींद्र जडेजा. ८ जानेवारी २०२१, सिडनी. स्टीव्ह स्मिथ १३१ वर, शेवटची जोडी, डीप स्क्वेअर लेगवरून जडेजानं धावत येऊन उचलला आणि फेकला, समोर जेमतेम एक स्टंप दिसत असताना. स्मिथ धावबाद. 'ह्याला नशीब म्हणा बरं,' दाजी म्हणतात. नाना म्हणत नाहीत. ते मार्टिन गप्टिलला बोलावतात.

गप्टिलचं नाव निघालं की हॉटेलात कपबशांचा आवाज थांबतो. १० जुलै २०१९, मँचेस्टर, उपांत्य सामना. धोनी दुसऱ्या धावेला वळला आणि गप्टिलच्या थ्रोनं थेट स्टंप उडवला. धोनी ५० वर गेला, आपण १८ धावांनी हरलो, आणि गावात त्या रात्री ज्या घरात टीव्ही नव्हता तिथंही स्वयंपाक झाला नाही. 'आता ह्या माणसाला नेम हाय का न्हाई?' नाना विचारतात. आहे, असं म्हणायची चोरी आणि नाही म्हणायचीही. कारण चारच दिवसांनी, १४ जुलैला लॉर्ड्सवर अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात त्याच हातानं केलेला थ्रो झेपावणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटीवर आपटला आणि सीमापार गेला. इंग्लंडला पंचांनी त्या एका बॉलवर सहा धावा दिल्या. सामना बरोबरीत. मग सुपर ओव्हर, तिचा शेवटचा बॉल, दुसऱ्या धावेसाठी पळणारा कोण, तर गप्टिल. जेसन रॉयनं बाउंड्रीवरून फेकला, बटलरनं बेल्स उडवल्या. ज्यानं धोनीला कमी पाडलं तोच कमी पडला. दाजींना यात दैवी न्याय दिसतो. मला यात गप्टिल दिसतो, आणि त्याची कणव येते. पण हे गावात बोलता येत नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत आहे. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तो उतरलेल्या तोंडानं बसला होता. चौकशी केली तर त्यांच्या क्वार्टरबॅकचं रडगाणं. तिकडच्या फुटबॉलमध्ये हा मुख्य माणूस. चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचा, दोन्ही टोकांना निमुळता बॉल त्याच्या हातात आला की समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावतात. तेवढ्यात त्यानं चाळीस-पन्नास यार्डांवर पळणाऱ्या आपल्या गड्याकडं बॉल टाकायचा. गडी आहे तिथं नाही, दोन-अडीच सेकंदांनी जिथं असेल तिथं. भाच्याचा संघ जेट्स. नाव न्यू यॉर्कचं, मैदान न्यू जर्सीत, आणि सुपर बोल शेवटचा जिंकला तो जानेवारी १९६९ मध्ये. भाच्याच्या घरी यावरून दर आठवड्याला भांडण: क्वार्टरबॅकचा हात जबरदस्त आहे, पण लांबचा पास नेमका पडतो की नाही?

मी फोन नानांच्या हातात दिला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'आन् बॉल हातातून पडला, तर चूक कुणाची?'

भाचा थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, 'नाना, हाच तर वाद आहे.'

'मग तितं बी कुणाचा तरी भाचाच आसंल,' नाना म्हणाले आणि फोन परत केला.

आता गोफणीवर बोलावं लागेल. लागेलच असं नाही, पण मी बोलणार. कारण फेकण्याच्या विद्येत क्रिकेट, फुटबॉल ही कालची पोरं आहेत आणि मी ज्या घराण्यातला आहे तिथं गोफण होती. माझ्या हाती ती कधी नीट फिरली नाही ही गोष्ट वेगळी. घराण्याचा अभिमान बाळगायला स्वतःला काही यावं लागत नाही.

गोफण होती आत्याची. ज्वारी हुरड्यात आली की रानात चार मेढी रोवून माळा बांधायचे, आणि दिवस उगवायच्या आत आत्या भाकरी-ठेच्याचं फडकं घेऊन वर चढून बसायची. सुताची विणलेली गोफण, मधे गुंडा ठेवायला रुंद पट्टी. एका दोरीच्या टोकाचा फासा बोटात अडकवायचा, दुसरं टोक नुसतं चिमटीत धरायचं. डोक्यावरून एक-दोन गिरक्या, आणि चिमूट सोडायची. सगळी विद्या त्या सोडण्यात. निमिषभर आधी सुटली तर गुंडा एकीकडं, निमिषभर उशिरा सुटली तर दुसरीकडं आणि फारच उशीर झाला तर आपल्याच टाळक्यात. दोरीमुळं हात लांब होतो, हात लांब झाला की टोकाचा वेग वाढतो, म्हणून हातानं न जाणारा दगड गोफणीनं जातो. एवढी सोपी यंत्रं जगात फार नाहीत. सुटलेल्या टोकाचा जो फाट्‌कन आवाज निघायचा त्यानंच अर्धी पाखरं उठायची.

भूमध्य समुद्रातल्या बेलेआरिक बेटांवरचे गोफणवाले जगात नावाजलेले. कार्थेजनं त्यांना भाड्यानं घेतलं, पुढं रोमनंही घेतलं. जुन्या लेखकांनी लिहून ठेवलंय की त्यांच्या आया भाकरी उंच ठेवायच्या, आणि गोफणीनं पाडल्याशिवाय पोराला ती खाऊ द्यायच्या नाहीत. आमच्या संघाला हा उपाय मी सुचवला होता. पण जेवण पुरस्कर्त्यांकडून असल्यामुळे मंजूर झाला नाही. रोमन सैन्य तर गोफणीसाठी शिशाचे गुंडे ओतायचं आणि त्यांवर शत्रूच्या सेनापतीला उद्देशून शिव्या कोरायचं. इसवी सनापूर्वी ४१ च्या पेरुसियाच्या वेढ्यातले असले गुंडे सापडलेत, आणि त्यावरचा मजकूर मला या लेखात देता येत नाही. आपल्याकडं गुंडा हातानं आणि शिवी तोंडानं, अशी दोन वेगळी खाती आहेत. माळ्यावरची आत्या दोन्ही सांभाळायची.

तर, भोरड्या. थंडीत उत्तरेकडून येणारी ही गुलाबी-काळी पाखरं शेकड्यांनी एकदम रानात उतरतात आणि बघता बघता कणसं रिकामी करतात. आता नेम म्हणजे काय, हे इथं बघायला मिळायचं. आत्याला पाखरू मारायचं नसायचं. तिनं एकही मारलेलं मला आठवत नाही. कणसावर गुंडा आपटून चालणार नाही, पलीकडच्या बांधावर बैलं, त्यांना लागून चालणार नाही. गुंडा पडायचा तो थव्याच्या अशा अंगाला, की थवा उठेल आणि उठून बरोबर भावकीच्या रानात उतरेल. भावकीच्या माळ्यावर चुलत आजी. ती तिकडून तोच थवा आमच्याकडं परतवायची. दिवसभर दोघी एकमेकींकडं भोरड्या फेकत राहायच्या आणि संध्याकाळी एकाच वाटेनं, हळकुंड आणि लेकीसुनांचं बोलत, घरी यायच्या.

तिकडचा क्वार्टरबॅक पळणाऱ्या माणसाच्या पुढं बॉल टाकतो म्हणून कौतुक. आत्या तीनशे पाखरांच्या पुढचा विचार करायची, आणि तिच्या अंगावर सव्वाशे किलोची माणसं नसली तरी खाली झोळीत धाकटं पोर असायचं.

रात्री ती खांद्याला तेल लावून शेकत बसायची. तिला हात आहे की नेम, याची चर्चा झालेली मी ऐकली नाही. नाना तेव्हा तरुण होते, तेही त्याच रानाच्या बांधावर बसायचे, त्यांनाही काही बोलावंसं वाटलं नाही. खळ्यात किती पोती झाली ते मोजायचे. पाखरांनी न खाल्लेलं कुणी मोजत नाही. आता तर ज्वारीच मागं पडली; सगळीकडं कापूस, सोयाबीन, ऊस, मोसंबी. जिथं थोडी आहे तिथं चमकत्या पट्ट्या बांधतात, नाहीतर जुन्या कॅसेटींची रिळं. ज्या गाण्यांनी आम्ही प्रेमात पडलो त्यांना आता पाखरं भितात.

माझाही उजवा खांदा धरलाय. हात डोक्यावर जात नाही, सदरा घालताना बायकोला हाक मारावी लागते. डॉक्टरांना मी सांगितलं, बहुतेक थ्रोमुळे. डॉक्टरांनी विचारलं, कधी केला होता? हा प्रश्न मला अप्रस्तुत वाटला. मग म्हणाले, याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, मधुमेहवाल्यांमधे जास्त आढळतो, शुगर तपासून घ्या. मला खेळाडूची दुखापत हवी होती. हाती आली ती जिलेबीची. मांडवात मी अजून 'जुनी इंजुरी' एवढंच सांगतो. मधे एका पोरानं आदरानं विचारलं, 'काका, बॉलर होता का तुमी?' मी खिन्नपणे दूर पाहिलं. यात खोटं काही बोललो नाही.

पोराचं सांगायचं राहिलं. त्याच्या वडलांची मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं फळ देठाला चिकटून राहत नाही. श्रावण-भादव्यात फळगळ लागली की झाडाखाली सडा पडतो. बाप त्याचा हिशेब करतो आणि पोरगा नेम धरतो. गळलेली एकेक मोसंबी उचलून बांधावरच्या लिंबाच्या खोडावर. मी पाहिलंय. हिरवट मोसंबी हातातून सुटते, मधे वळत नाही, डावीकडं नाही, उजवीकडं नाही, आणि खोडावर फुटते. हे मी नानांना सांगितलेलं नाही. खोड हलत नाही, मोसंबी जड असते, असे त्यांचे आक्षेप मला आधीच ऐकू येतात.

जालन्याचा विजय झोल २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ काढून गेला आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला, तेव्हापासून जिल्ह्यात बॅट विकत घेणारे बाप वाढले. पण ४५१ वहीत लिहिता येतात. थ्रोचं तसं नाही. आमच्या स्कोअरबुकात 'रनआउट' एवढंच लिहितात. कुणी फेकला ते नाव नाही, बॉलरच्या खात्यातही विकेट नाही. क्रिकेटचा बॉल सर्वांत लांब फेकला म्हणून इंग्लंडच्या रॉबर्ट पर्सिव्हलचं नाव आजही सांगतात: १८८० च्या दशकात, डरहॅमला, १४० यार्ड २ फूट. कशावर फेकला होता, ते कुणी विचारत नाही.

म्हणून पोरगा पोलीस भरतीच्या तयारीला लागला. मैदानी परीक्षा ५० गुणांची: १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. गोळा ७.२६ किलोचा, म्हणजे क्रिकेटचे पंचेचाळीस बॉल एकदम. आणि तो फेकायचाच नसतो. मानेपाशी धरून पुढं ढकलायचा. खांद्याच्या मागून हात आला की फाउल. ज्या पोराची सगळी विद्या खांद्यामागून येते त्याला ती विसरण्याचे १५ गुण. तो पहाटे अंधारात डांबरी रस्त्यानं पळतो, मग गोळा ढकलतो, मग बागेत फवारणी. मला या गोष्टीचा राग येतो. कुणाचा ते नक्की सांगता येत नाही, भरतीचा तर नाहीच. पोलिसाला गोफण काय कामाची? पण असा हात तालुक्यात एकच आहे, आणि आम्ही त्याच्यासाठी काय केलं, तर तो नेम की नशीब यावर चहा प्यालो.

जालन्याहून तो मैदानी परीक्षा देऊन आला, त्या संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांनी त्याला घेरलं. किती मीटर गेला, किती गुण पडले, लेखी कधी. तो सांगत होता. बरे पडले होते, निकाल लागायचा होता. दाजींनी सगळ्यांचा चहा स्वतःच्या नावावर मांडायला सांगितला, ही तशी ऐतिहासिक घटना.

नाना मघापासून गप्प होते. गर्दी जरा निवल्यावर म्हणाले, 'पडला कुठं?'

पोराला कळेना. 'रेषेच्या आत, नाना.'

'आत म्हंजी कुठं?'

गोळाफेकीचा पट्टा ३४.९२ अंशांचा असतो, त्याच्या आत कुठंही पडला तरी गुण तेवढेच, हे मी मधे बोलून पाहिलं. नानांनी हातानंच मला बसवलं. पोरगा आठवत होता. त्याला एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. मग तो कसनुसा हसला.

'डाव्या रेषेपाशी.'

नानांनी बशी खाली ठेवली. आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं, सावकाश, कुणी राहू नये अशा बेतानं. दाजी खाली बघत होते. मग नाना उठले. 'कोपर पडतं तुजं,' ते म्हणाले. 'थांब. मी दावतो.' आणि टेबलावरची साखरेची बरणी उचलून त्यांनी मानेला लावली, उजवा पाय मागं घेतला, गुडघ्यात वाकले. 'हे आसं. कोपर वर. बघायला का?'

'बघायलोय,' पोरगा म्हणाला, आणि तो खरंच बघत होता.

हॉटेलवाला भट्टीमागून ओरडला, 'नाना, काचेची हाय ती!'

मी उठलो आणि नानांच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिलो.